छपराखालचे मैदान आणि त्यातील प्रेक्षक

खेळणे हा जसा मनुष्याचा स्वभावधर्म आहे, तसा खेळ पाहणे हाही आहे. जत्रेतील कुस्त्यांचा फड असो, शाळेच्या पटांगणातील खो-खो असो, की गल्लीतील विटीदांडू असो. चार जण खेळू लागले की चाळीस जण भोवती जमतात. खेळणाऱ्याला शिकविण्यासाठी शिक्षक असतात, नियमांची पुस्तके असतात. खेळ पाहावा कसा, हे मात्र सहसा कोणी शिकवीत नाही. पाहण्यात शिकण्यासारखे काय आहे, असेच बहुतेकांना वाटते. परंतु ज्या काळात खेळ उघड्या माळावरून छपराखाली आला, त्या काळात प्रेक्षकाचे स्थानही पालटले, आणि त्याची जबाबदारीही वाढली. ती कशी, हे समजावून सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

आपल्या पलसाणा भागाचा क्रीडापरंपरेशी जुना संबंध आहे. पलसाणा हा एके काळी बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतातील एक महाल होता. त्या संस्थानात व्यायामाला राजाश्रय होता. प्रा. माणिकरावांसारख्या व्यायामाचार्यांनी बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात कित्येक तरुण घडविले. बडोद्यासच १९२३ साली हुतूतूची अखिल भारतीय स्पर्धा भरली. तेव्हाचे मैदान म्हणजे मातीवर फक्कीने आखलेल्या रेषा, आणि प्रेक्षक म्हणजे त्या रेषांबाहेर दाटीवाटीने बसलेले लोक. तोच हुतूतू पुढे कबड्डी हे नाव घेऊन २६ जुलै २०१४ रोजी मुंबईस वरळीच्या बंदिस्त क्रीडागारात प्रो कबड्डीच्या पहिल्या सामन्यासाठी उतरला. माती गेली, चटई आली. आकाश गेले, छप्पर आले. आणि घराघरांतून दूरदर्शन संचापुढे बसलेल्या मुलांना बंदिस्त क्रीडागार ही वस्तू परिचयाची झाली. या वरळीच्या क्रीडागारास सरदार वल्लभभाई पटेल यांचे नाव आहे. वल्लभभाईंना 'सरदार' ही पदवी १९२८ मध्ये मिळाली ती आपल्या शेजारच्या बारडोलीच्या सत्याग्रहामुळे, हे येथील मुलांना निराळे सांगावयास नको.

आपल्या जिल्ह्यातही असे क्रीडागार आहे. सुरतेस अठवा लाइन्स भागात महानगरपालिकेने बांधलेल्या पंडित दीनदयाळ उपाध्याय बंदिस्त क्रीडागारात सुमारे ६,८०० प्रेक्षक बसू शकतात. २०२२ सालच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांतील टेबल टेनिस व बॅडमिंटन यांचे सामने तेथे झाले. बास्केटबॉलचा मान भावनगरला मिळाला. पण प्रेक्षक आणि इमारत यांचे नाते पूर्णत्वास गेलेले पाहावयाचे असेल, तर अमेरिकेतील विद्यापीठांच्या बास्केटबॉल क्रीडागारांकडे वळावे लागते. आपल्याकडील अनेक कुटुंबांतील मुले उच्च शिक्षणासाठी त्या देशात जातात, आणि हिवाळ्यातील एखाद्या संध्याकाळी सहाध्यायांबरोबर अशा क्रीडागारात पहिले पाऊल टाकतात. तेथे काय दिसते, आणि जे दिसते त्यामागे कोणते कारण असते, हे ओळीने पाहू.

प्रथम या खेळाच्या जन्माची हकीकत. पुष्कळ खेळ मोकळ्या मैदानात जन्मले आणि मागाहून छपराखाली गेले. बास्केटबॉल मात्र छपराखालीच जन्मला. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील एका शिक्षणसंस्थेत जेम्स नाइस्मिथ नावाच्या शिक्षकापुढे एक अडचण उभी होती. बाहेर बर्फ पडलेले, मुले व्यायामशाळेत कोंडलेली, आणि नित्याच्या कवायतीला कंटाळलेली. नाइस्मिथने १३ नियम लिहून काढले, आणि पीच फळांच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या सज्ज्याला खिळ्यांनी ठोकल्या. सज्ज्याची उंची १० फूट होती. तीच आजही जगभर टोपलीच्या कडीची उंची आहे! पहिल्या सामन्यात १८ विद्यार्थी होते, एका बाजूस नऊ.

आता या कथेतील आपल्या विषयास लागू पडणारा भाग पाहा. त्या सज्ज्यात सामना पाहण्यास लोक जमू लागले. टोपली अगदी हाताशी. तेव्हा आपल्या बाजूचा चेंडू आत ढकलावा आणि दुसऱ्या बाजूचा बाहेर काढावा, असा मोह त्यांना होऊ लागला. ही लुडबूड थांबविण्यासाठी टोपलीच्या मागे प्रथम तारेची जाळी आणि नंतर लाकडी फळी बसविण्यात आली. आज ज्या फळीवर आपटून चेंडू टोपलीत पडताना आपण टाळ्या वाजवितो, ती फळी खेळाडूंसाठी नव्हे, तर प्रेक्षकांना आवर घालण्यासाठी निर्माण झाली! प्रेक्षक खेळाच्या किती जवळ येऊ शकतो आणि किती जवळ येऊ नये, हा प्रश्न या खेळाला जन्मापासून चिकटलेला आहे.

स्प्रिंगफील्डचा आपल्या देशाशीही संबंध आहे. तेथे शिकलेल्या हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रासला शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले आणि तेथून तयार झालेले शिक्षक देशभर गेले. आपल्या मुंबईतील नागपाडा ही वस्ती तर बास्केटबॉलची पंढरीच म्हणावी लागेल. तेथल्या उघड्या मैदानांवर खेळून मोठे झालेले अब्बास मुनतसिर भारताचे कर्णधार झाले आणि १९७० च्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले. पुण्याच्या शिरीन लिमये यांनी भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले आहे. खेळ आपल्याकडे रुजला, पण तो पुष्कळ अंशी उघड्या मैदानांवर. त्यामुळे क्रीडागारात बसण्याचा संस्कार आपल्याला पुरेसा झाला नाही.

नाइस्मिथ पुढे १८९८ साली कॅन्सस विद्यापीठात गेला. मोठी गमतीची गोष्ट अशी की, ज्याने हा खेळ शोधला, त्याच्या मार्गदर्शनाखाली खेळलेल्या विद्यापीठ संघाने ५५ सामने जिंकले व ६० हरले. त्याचा शिष्य फॉरेस्ट अ‍ॅलन याने मात्र त्याच विद्यापीठाचे नाव गाजविले, आणि १ मार्च १९५५ रोजी त्याच्या नावाचे क्रीडागार तेथे उघडले. ॲलन फील्डहाउस या नावाने ते ओळखले जाते; त्यात सुमारे सोळा हजार माणसे बसतील अशी रचना केलेली होती. शेजारच्या इमारतीत नाइस्मिथचे टंकलिखित मूळ १३ नियम काचेआड ठेवलेले आहेत. सामन्यास येणारा प्रेक्षक आधी त्यांचे दर्शन घेऊन मग आत जाऊ शकतो, जसे गाभाऱ्यात जाण्यापूर्वी आपण पायरीला हात लावतो.

या क्रीडागारातील काही प्रथा नवख्याला चमत्कारिक वाटतात. पाहुण्या संघातील खेळाडूंची नावे पुकारली जात असता विद्यार्थी वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरतात, जणू त्यांना त्या नावांत काडीचाही रस नाही. आपल्या संघाची पाळी आली की त्याच वर्तमानपत्राचे कपटे हवेत उडतात. सामना जिंकल्यावर हजारो हात वर होऊन संथपणे डोलू लागतात. कॅन्सस हा गव्हाचा प्रदेश. ते हात म्हणजे वाऱ्यावर डोलणारे गव्हाचे शेत. आपल्या ऊसपिकाच्या मुलखातील मुलाला ही कल्पना समजावयास क्षणही लागू नये. आपल्या मातीची खूण छपराखाली नेण्याची ही युक्ती मोठी सुंदर आहे.

आणि आवाज! १३ फेब्रुवारी २०१७ रोजी, वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाविरुद्धच्या सामन्याच्या दिवशी, येथील प्रेक्षकांच्या गर्जनेची नोंद १३०.४ डेसिबल झाली आणि ती गिनीज विक्रमांत गणली गेली. १२० डेसिबलच्या आसपास आवाज कानांना दुखवू लागतो, एवढे सांगितले म्हणजे त्याची कल्पना यावी. त्याच सामन्यात अखेरची तीन मिनिटेही उरली नसताना यजमान संघ १४ गुणांनी मागे होता. त्याने बरोबरी साधली आणि जादा वेळेत ८४ विरुद्ध ८० असा विजय मिळविला. हा विजय गर्जनेने मिळाला असे म्हणणे खेळाडूंवर अन्याय करणारे होईल. पण गर्जनेचा त्यात काहीच वाटा नव्हता, असे तेथे बसलेल्या कोणालाही पटणार नाही.

असा आवाज होतो कसा? येथे वास्तुशास्त्र पुढे येते. उघड्या मैदानात आवाज आकाशात विरून जातो. बंदिस्त क्रीडागारात तो छपरावर आणि भिंतींवर आदळून परत खाली येतो. शिवाय बास्केटबॉलचे मैदान फार लहान. अमेरिकन महाविद्यालयीन मैदान ९४ फूट लांब व ५० फूट रुंद असते. क्रिकेटच्या मैदानाच्या एका कोपऱ्यात ते मावेल. अशा चिमुकल्या जागेभोवती पंधरा हजार माणसे बसवावयाची, तर आसनांच्या रांगा उभ्या चढणीने रचाव्या लागतात. प्रत्येक रांग पुढच्या रांगेपेक्षा इतकी उंच हवी की, मागच्या माणसाची दृष्टी पुढच्याच्या डोक्यावरून थेट मैदानाच्या कडेपर्यंत जावी. त्यामुळे क्रीडागाराला खोल वाडग्याचा आकार येतो, आणि त्या वाडग्याच्या तळाशी सगळ्यांचे डोळे आणि सगळ्यांचा आवाज एकवटतो.

आयोवा विद्यापीठाच्या कार्व्हर-हॉकआय क्रीडागारात हा प्रकार फारच स्पष्ट दिसतो. १९८३ साली उघडलेली ही इमारत टेकडीच्या पोटात खोदून बसविलेली आहे. प्रेक्षक जमिनीच्या पातळीवरून आत शिरतो तो एकदम सर्वांत वरच्या रांगेपाशी, आणि सगळी आसने त्याच्या पायांखाली उतरत गेलेली असतात. गुजरातेत राहणाऱ्याला याची उपमा शोधावी लागत नाही. पाटणची राणीची वाव किंवा अडालजची वाव ज्याने पाहिली आहे, त्याला पायऱ्यांनी खाली उतरत जाण्याचा तो अनुभव ठाऊक आहे. वावेच्या तळाशी पाणी असते. येथे तळाशी चकाकणारी, मॅपल लाकडाची जमीन असते, आणि तिच्यावर खेळाडूंच्या बुटांची चीं-चीं ऐकू येते.

आता प्रेक्षकाच्या पावलांनी आत जाऊ. तिकीट बहुधा भ्रमणध्वनीवरच असते. दारावर ते यंत्रासमोर धरावयाचे. पुष्कळ ठिकाणी आरपार दिसणारी पारदर्शक पिशवीच आत नेऊ देतात, म्हणजे तपासणी लवकर होते. तिकिटावर विभाग, रांग आणि आसन असे तीन आकडे असतात. आत गेल्यावर प्रथम लक्ष जाते ते मध्यभागी टांगलेल्या चौफेर गुणफलकाकडे. गुण, उरलेला वेळ, प्रत्येक संघाचे दोष, आणि नुकत्याच घडलेल्या प्रसंगाचे पुनर्दर्शन, हे सारे तेथे दिसते. एका बाजूस विद्यापीठाचे वाद्यपथक बसलेले असते आणि खेळ थांबला रे थांबला की ते सुरू होते. पुरुषांचा सामना २० मिनिटांच्या दोन भागांत व महिलांचा १० मिनिटांच्या चार भागांत होतो. चेंडू हाती आल्यावर ३० सेकंदांत टोपलीकडे फेक करावी लागते. त्यामुळे डुलकी काढण्यास अवसर नसतो.

मैदानाला लागून असलेल्या उत्तम जागा अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी राखलेल्या असतात. हे ध्यानात घेण्यासारखे आहे. श्रीमंताला पैसे टाकून जी जागा मिळावी, ती वसतिगृहातील मुलाला मिळते. कारण आवाज त्याच्याजवळ आहे, हे विद्यापीठ जाणून असते. ड्यूक विद्यापीठाचे १९४० साली उघडलेले कॅमेरन क्रीडागार तर अवघे ९,३१४ आसनांचे. तेथे महत्त्वाच्या सामन्यासाठी विद्यार्थी कडाक्याच्या थंडीत कित्येक आठवडे बाहेर तंबू ठोकून राहतात. पंढरीच्या दर्शनबारीत उभे राहिलेल्या वारकऱ्यालाच त्या चिकाटीचे मर्म कळेल.

विद्यार्थ्यांच्या या विभागाची खरी परीक्षा मोकळ्या फेकीच्या वेळी होते. दोष घडला की खेळाडूला १५ फुटांवरून एकट्याने, कोणाच्याही अडथळ्याविना, टोपलीत चेंडू टाकावयाचा असतो. आपला खेळाडू असेल तर सारे क्रीडागार श्वास रोखते. पाहुणा असेल तर टोपलीमागे हात, फलक, मुखवटे नाचू लागतात. अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी २०१३ साली टोपलीमागे एक पडदाच उभा केला. पाहुणा फेक करणार, एवढ्यात पडदा बाजूस होऊन मागे काहीतरी विक्षिप्त सोंग प्रकट होते! ही थट्टा सर्वांना मान्य आहे, कारण ती आसनाच्या जागेवरून होते आणि तिच्यात विनोद असतो, विखार नसतो.

सीमा ओलांडली की मात्र शिक्षा आहे, आणि ती शिक्षा कोणाला होते हे पाहण्यासारखे आहे. प्रेक्षकांनी मैदानात वस्तू फेकल्या, तर पंच यजमान संघावर तांत्रिक दोष लावू शकतात आणि पाहुण्यांना मोकळ्या फेका मिळतात. प्रेक्षकाच्या हातून गेलेली वस्तू गुणफलकावर प्रतिपक्षाचा गुण होऊन उमटते. त्याच्या उतावीळपणाचे मोल घाम गाळणाऱ्या पाच खेळाडूंना द्यावे लागते. विजयाच्या भरात मैदानावर धावून जाण्याची प्रथाही अशीच घातक आहे. २१ जानेवारी २०२४ रोजी ओहायो स्टेटने आयोवाच्या महिला संघाला हरविले तेव्हा प्रेक्षक मैदानात घुसले, आणि आयोवाची विख्यात खेळाडू केटलिन क्लार्क एका धावत्या प्रेक्षकाच्या धडकेने खाली पडली. फळीच्या जन्माला शतक उलटून गेले, तरी प्रेक्षकाला आपली जागा शिकावयाचीच आहे!

महिलांच्या बास्केटबॉलला प्रेक्षक मिळत नाहीत, ही समजूतही याच आयोवाने खोटी पाडली. ३ फेब्रुवारी १९८५ रोजी कार्व्हर-हॉकआयमध्ये महिलांच्या सामन्याला २२,१५७ लोक लोटले. आसने होती सुमारे १५,०००. पुढे १५ ऑक्टोबर २०२३ रोजी तेथल्या महिला संघाने फुटबॉलच्या उघड्या मैदानात सामना मांडला, तेव्हा ५५,६४६ प्रेक्षक आले. आपल्या शाळेतील मुलींनी हे आकडे वहीत टिपून ठेवावेत.

पण १९८५ च्या त्या गर्दीकडे केवळ कौतुकाने पाहून चालणार नाही. पंधरा हजारांच्या जागेत बावीस हजार माणसे म्हणजे जिन्यांवर आणि वाटांवर बसलेली माणसे. छपराखालच्या गर्दीला पळण्यास माळरान नसते. दारे असतील तेवढ्याच वाटा. २४ मे २०१९ रोजी सुरतेत तक्षशिला इमारतीला लागलेल्या आगीत २२ विद्यार्थी प्राणांस मुकले, ही जखम आपल्या जिल्ह्यात अजून ओली आहे. म्हणून बंदिस्त इमारतीत शिरताच, ती क्रीडागार असो, नाट्यगृह असो की शिकवणीचा वर्ग असो, आपल्याला सर्वांत जवळचे बाहेर जाण्याचे दार कोठे आहे हे प्रथम पाहून ठेवावे. जिन्यात बसू नये. दारापुढे सामान ठेवू नये. हे भित्रेपण नव्हे, शहाणपण होय.

प्रेक्षक नसेल तर काय होते, याचा अनुभवही जगाने घेतला आहे. करोनाच्या साथीमुळे १२ मार्च २०२० रोजी अमेरिकेतील राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धा रद्द करण्यात आली. पुढील हंगामात कित्येक सामने रिकाम्या आसनांपुढे झाले. कोठे पुठ्ठ्याची माणसे बसविली, कोठे ध्वनिमुद्रित गलका लावला. त्या काळातील निरनिराळ्या खेळांच्या अभ्यासातून असे आढळले की, रिकाम्या क्रीडागारात यजमान संघाचे घरच्या मैदानावरचे वर्चस्व बऱ्याच ठिकाणी कमी झाले. प्रेक्षक ही शोभेची वस्तू नाही, याला यापेक्षा निराळा पुरावा कशाला हवा?

हा अनुभव आपल्या मुलांच्याही वाट्याला एकदा आला. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी वरळीच्या त्याच क्रीडागारात अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक संघटनेचा भारतातील पहिला सामना झाला. सॅक्रामेंटो आणि इंडियाना या दोन संघांचा तो सामना पाहण्यासाठी सुमारे ३,००० शाळकरी मुलामुलींना बसविले होते. सॅक्रामेंटो संघाचे प्रमुख मालक विवेक रणदिवे हे मुंबईत जन्मलेले. त्यांच्या संघासाठी २०१६ साली उभारलेल्या क्रीडागारात सौर विजेचा उपयोग केलेला आहे, आणि संध्याकाळचा गार वारा आत यावा म्हणून त्याचे भव्य दरवाजे उघडता येतात. मुंबईतील सामना जादा वेळेत गेला आणि इंडियानाने १३२ विरुद्ध १३१, म्हणजे केवळ एका गुणाने, तो जिंकला. मुलांच्या दृष्टीने दोन्ही संघ परगावचे. कोणाची बाजू घ्यावयाची हा प्रश्न नव्हता. चांगल्या खेळाला दाद द्यावयाची, एवढेच काम होते. प्रेक्षकाचा पहिला धडा घेण्यास यापेक्षा चांगली शाळा नाही.

विद्यार्थी मित्रहो, सोळा हजारांचे क्रीडागार आपल्या गावात नाही; पण प्रेक्षक होण्याची संधी आपल्याला दरवर्षी मिळते. आंतरशालेय सामने होतात, कबड्डीचे नि खो-खोचे डाव रंगतात, आणि सुरतेच्या क्रीडागारात एखादी स्पर्धा भरली तर पलसाण्याहून तेथे जाणे काही अवघड नाही. जाण्यापूर्वी त्या खेळाचे चार नियम वाचून जा, म्हणजे पंचाने शिट्टी का वाजविली ते कळेल. आपल्या संघासाठी घसा बसेपर्यंत ओरडा. पण खेळाडूच्या जातीवरून, भाषेवरून, रूपावरून एकही शब्द उच्चारू नका. पाहुण्याने सुंदर फेक केली तर दोन टाळ्या त्याच्याही वाट्याला येऊ द्या. हरलेल्या आपल्या संघाला पाठ दाखवून आधीच उठून जाऊ नका. बाहेर पडताना आपल्या आसनाखालचा कागद उचला, आणि लहानांना पुढे घालून सावकाश बाहेर पडा. खेळाडूचे नाव वर्तमानपत्रात येते, प्रेक्षकाचे येत नाही. तथापि पाहुणा संघ परत जाताना त्या गावाविषयी जे मत घेऊन जातो, ते प्रेक्षकांनीच बनविलेले असते. पलसाण्याविषयी ते चांगले असावे, हे आपल्या हाती आहे.